करीचा भोपळा

२५ नोव्हेंबर २००८ ची रात्र. नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्हिडसन या छोट्या कॉलेजच्या स्वतःच्या जिममध्ये स्टेफन करीला भोपळाही फोडता आला नाही. अख्ख्या सामन्यात त्यानं तीनदा बॉल बास्केटकडे टाकला आणि तिन्ही वेळा तो हुकला. आठवडाभरापूर्वी याच मुलानं ओक्लाहोमासारख्या तगड्या संघाविरुद्ध ४४ गुण काढले होते. मोसम संपला तेव्हा सामन्यामागे २८.६ गुणांच्या सरासरीनं तो अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेजांत पहिला आला होता. त्या मोसमात हे शून्य भाकरीत खडा लागावा तसं लागतं.

समोर मेरीलँडचं लोयोला कॉलेज होतं. त्यांचे प्रशिक्षक जिमी पॅट्सोस यांनी ठरवून टाकलं होतं, बॉल कुठेही असो, करीच्या अंगावर दोन माणसं राहणार. करी पळाला तर दोघं पळणार, थांबला तर दोघं थांबणार. मग करी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दोन्ही पहारेकरी त्याच्याशेजारी. उरलेल्या मैदानात डेव्हिडसनचे चार आणि लोयोलाचे तीन, म्हणजे हिशेब पहिलीतल्या पोरालाही जमावा असा. डेव्हिडसन ७८, लोयोला ४८.

कॉलेजात ढिगानं गुण काढणाऱ्या मुलांवरचं पुस्तक मी एका शून्यापासून सुरू करतोय, ते वाचकाला चकवायला नव्हे. गेली काही वर्षं मी या मुलांचे जुने सामने पहाटे चहाचा कप घेऊन पाहत आलो आहे. गुण काढणारा मुलगा व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये चालेल की नाही, याचा अंदाज त्याच्या गुणांवरून फार कमी वेळा बांधता येतो. तो बांधायचा तर बॉल हातात नसताना तो काय करतो हे पाहावं लागतं, इतकंच मला या पुस्तकात म्हणायचं आहे. आणि करीनं बॉल नसताना काय करावं हे त्या रात्री जितकं उघडपणे दाखवलं, तितकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

पुस्तकाचा आवाका आधीच सांगून ठेवतो. २००९ ते २०२४ असे सोळा मोसम मी घेतले. साडेतीनशेच्या घरातल्या कॉलेजांच्या पुरुष संघांत, म्हणजे एनसीएएच्या पहिल्या विभागात, दर वर्षी सरासरीत पहिला आलेला एकेक मुलगा घेतला. करी, ह्यूस्टनचा ऑब्री कोलमन, ब्रिगहॅम यंगचा जिमर फ्रेडेट, मिशिगनमधल्या ओकलंडचा रेजी हॅमिल्टन, व्हर्जिनिया टेकचा एरिक ग्रीन, क्रेटनचा डग मॅकडर्मॉट, ईस्टर्न वॉशिंग्टनचा टायलर हार्वी, हॉवर्डचा जेम्स डॅनियल, सेंट्रल मिशिगनचा मार्कस कीन, ओक्लाहोमाचा ट्रे यंग, कॅम्पबेलचा ख्रिस क्लेमन्स, मार्केटचा मार्कस हॉवर्ड, ओरल रॉबर्ट्सचा मॅक्स एब्मस, ब्रायंटचा पीटर किस, डेट्रॉइट मर्सीचा अँटवान डेव्हिस आणि पर्ड्यूचा झॅक ईडी. यातली चारपाच नावं ओळखीची वाटली, तर तुम्ही एनबीए बऱ्यापैकी पाहता. दहा ओळखीची वाटली, तर हे पुस्तक तुम्हीच लिहायला हवं होतं.

एनबीएचे तीस संघ दर जूनमध्ये आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात. दोन फेऱ्या, साठच्या आसपास नावं, याला ड्राफ्ट म्हणतात. आपल्या सोळांपैकी पाच जणांची नावं पहिल्या फेरीत पुकारली गेली, दोघांची दुसऱ्या फेरीत, आणि नऊ जणांची पुकारलीच गेली नाहीत. देशात पहिला आलेला मुलगा, आणि निम्म्याहून अधिक वेळा त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. सोळांतून एनबीएच्या ऑल-स्टार सामन्यापर्यंत पोचले ते दोनच, करी आणि यंग.

मराठी वाचकाला इथे लगेच रणजी आठवेल. मलाही आठवलं होतं. अमोल मुजुमदारनं मुंबईकडून पहिल्याच सामन्यात हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत ११,००० च्या वर धावा रचल्या आणि भारतीय संघाची टोपी त्याच्या डोक्यावर कधी आली नाही. पण ही तुलना फार ताणू नये. मुजुमदारची अडचण मधल्या फळीतल्या गर्दीची होती. रणजीतला कव्हर ड्राइव्ह आणि कसोटीतला कव्हर ड्राइव्ह हा एकच फटका असतो, फक्त गोलंदाज बदलतो. बास्केटबॉलमध्ये कामच बदलतं. कॉलेजात ज्या मुलाला संघानं सगळी दौलत सोपवलेली असते, त्याला एनबीएत दुसऱ्या कुणाच्या तरी दौलतीवर राखणीला बसवतात.

हा फरक मी पुस्तकात वाचला नव्हता, तो आमच्या कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टावर कळला. आमच्या संघात एक पोरगा होता, त्याला आम्ही सगळे ‘तोफ’ म्हणायचो. जिल्ह्याच्या स्पर्धेत तो सामन्याला पंचवीस-तीस पॉइंट काढायचा. माझं काम एवढंच, की बॉल वर आणायचा, तोफेच्या हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचं. विद्यापीठ संघाच्या निवडीला आम्ही त्याला वाजतगाजतच नेलं होतं. निवड झाली ती दुसऱ्या एका कॉलेजच्या मुलाची. तो पूर्ण निवडचाचणीत आठ-दहा पॉइंटच्या वर गेला नसेल. आम्ही अर्थातच वशिला, वशिला म्हणून बोंब मारली. आमचे सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपली रजिस्टरची वही दाखवली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे लिहिलेलं ‘बॉल आहे’, उजवीकडे ‘बॉल नाही’. तोफेची डावी बाजू खच्चून भरलेली, उजव्या बाजूला एकच शब्द चार वेळा: ‘उभा’, ‘उभा’, ‘उभा’, ‘उभा’. त्या निवडलेल्या मुलाची डावी बाजू जवळजवळ रिकामी होती. उजवीकडे मात्र ओळी मावत नव्हत्या: स्क्रीन लावला (सोबत्याच्या पहारेकऱ्याची वाट अंगानं अडवली), रिबाउंडला (हुकलेला बॉल पकडायला) गेला, तोफेच्या माणसाला अडवायला धावला, मोकळ्या जागेत शिरला, पुन्हा शिरला.

या पुस्तकासाठी मी तीच वही वापरली आहे. फक्त रेघ आता लॅपटॉपवर मारतो.

आता गुणांबद्दल. कॉलेजच्या संघात कुणी ना कुणी गुण काढतोच. चाळीस मिनिटांचा सामना, त्यात संघाला साठ-सत्तर वेळा बॉल मिळतो आणि त्यातल्या बहुतेक वेळा कुणीतरी बास्केटकडे टाकणारच असतं. संघ कमकुवत असेल तर ते काम एकाच मुलावर येऊन पडतं. संघाच्या किती चाली एका खेळाडूच्या हातात संपतात याचं प्रमाण अभ्यासक मोजतात, त्याला ‘यूसेज’ म्हणतात. आणि फ्री थ्रो, दोन गुणांच्या आणि तीन गुणांच्या फेकी एकत्र धरून त्यानं किती नेमकेपणानं गुण काढले ते ‘ट्रू शूटिंग’. डीन ऑलिव्हर यांनी २००४ मध्ये आपल्या पुस्तकात या जातीच्या हिशेबांची शिस्त घालून दिली. त्यात एक साधी गोष्ट लपलेली आहे: वापर वाढला की नेम ढळतो. जास्त चाली अंगावर घेऊनही ज्याचा नेम टिकतो, तो वेगळ्या मातीचा. पण हेही अर्धंच. उलट्या दिशेचा प्रश्न कॉलेजच्या आकड्यांत फारसा सापडतच नाही: वापर कमी केला, तर हा मुलगा संघाच्या काही उपयोगाचा राहतो का?

डेव्हिन बुकर केंटकीमध्ये एका वर्षात ३८ सामने खेळला. एकाही सामन्यात तो सुरुवातीच्या पाचांत नव्हता, आणि त्याची सरासरी होती दहा. मार्च २०१७ मध्ये, वयाची विशी ओलांडून काही महिनेच झालेले असताना, त्यानं फिनिक्ससाठी बॉस्टनविरुद्ध ७० गुण काढले. मायकल जॉर्डनची नॉर्थ कॅरोलायनातल्या तीन वर्षांची सरासरी १७.७ होती, एनबीएतल्या पहिल्याच वर्षी ती २८.२ झाली. दोघंही कॉलेजच्या गुणांच्या यादीत पहिल्या नंबरावर कधी नव्हते. भरलेल्या घरात सगळ्यात मोठं ताट कुणा एकासमोर वाढत नाहीत.

फ्रेडेटवर मी या पुस्तकात सगळ्यात लांब प्रकरण लिहिलं आहे, आणि ते उगाच नाही. २६ जानेवारी २०११ ला युटामधल्या प्रोव्होत सॅन डिएगो स्टेटचा संघ आला, तो सलग वीस सामने जिंकून. ब्रिगहॅम यंगनं त्यांना ७१-५८ नं हरवलं. ७१ पैकी ४३ गुण एकट्या जिमर फ्रेडेटचे. तो सामना आज पाहिला तरी अंगावर काटा येतो. अर्ध्या मैदानाची रेघ ओलांडली की तो थेट टाकायचा. समोरचा पुढे आला की त्याच्या बगलेतून आत शिरायचा. प्रेक्षक तर त्यानं बॉल हातात घेतला की आधीच उभे राहायचे. वर्षाअखेर त्याची सरासरी २८.९. त्या वर्षी अमेरिकेत कॉलेजचा हा मुलगा कुठल्याही सिनेमा नटाइतका माहीत होता.

मी तो सामना दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा कागदानं फ्रेडेट झाकता येईल तितका झाकला आणि बाकीचे पाहिले. समोरच्या संघात लांब हातांचा, चेहऱ्यावर काही न दाखवणारा एक मुलगा होता. रिबाउंड घेत होता, पास मधेच तोडत होता, बॉल नसताना सतत जागा बदलत होता. त्याचं नाव कावाय लेनर्ड. त्याच जूनमध्ये ड्राफ्ट झाला. फ्रेडेटचं नाव दहाव्या क्रमांकावर पुकारलं गेलं आणि अदलाबदलीत तो सॅक्रामेंटोकडे गेला. अकराव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटनं क्ले थॉम्पसनला घेतलं. पंधराव्यावर लेनर्ड. आणि सगळ्यात शेवटी, साठाव्या नंबरावर, सॅक्रामेंटोनंच आणखी एक मुलगा घेतला, पाच फूट नऊ इंचांचा आयझेया थॉमस. मोसम अर्धा सरायच्या आत फ्रेडेटच्या जागेवर थॉमस खेळत होता.

फ्रेडेट लांबून टाकायचं विसरला नव्हता. एनबीएच्या लांब रेषेवरूनही त्याचा नेम शंभरात सदतीसच्या आसपास राहिला, तो कुणालाही चालला असता. विसरला नव्हता म्हणूनच ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. सॅक्रामेंटोत बॉल कायम त्याच्या हातात राहणार नव्हता. त्याच्याहून वेगवान, त्याच्याहून ताकदवान माणसं आधीच बॉल घेऊन बसली होती. त्याला कोपऱ्यात उभं राहायचं होतं, स्क्रीनभोवती पळायचं होतं आणि दुसऱ्या टोकाला समोरच्या गार्डला अडवायचं होतं. वहीतल्या उजव्या बाजूचं काम. पहिल्या वर्षी त्याची सरासरी ७.६ वर आली. क्ले थॉम्पसन नेमक्या त्याच कामात पारंगत होता. डिसेंबर २०१६ मध्ये इंडियानाविरुद्ध त्यानं २९ मिनिटांत ६० गुण काढले आणि त्यासाठी बॉल जमिनीवर फक्त ११ वेळा आपटला. अकरा ड्रिबल! आमची तोफ एका चालीत तेवढे आपटायची.

आणि दैवाची थट्टा म्हणा किंवा योगायोग: २०१६-१७ च्या मोसमात बॉस्टनकडून खेळताना आयझेया थॉमसची सरासरी आली २८.९. फ्रेडेटची कॉलेजातली होती, अगदी तीच. थॉमसची स्वतःची कॉलेजातली शेवटच्या वर्षाची सरासरी सतराच्याही खाली होती.

फ्रेडेटची पुढची गोष्ट दुःखाची नाही. तो चीनला गेला, शांघाय शार्क्सच्या संघानं त्याला पुन्हा सगळी दौलत दिली, आणि २०१७ मध्ये तिथे एका सामन्यात त्यानं ७३ गुण काढले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तो अमेरिकेच्या तिघांच्या बास्केटबॉल संघात होता. माणूस तोच, नेम तोच. त्याला साजेसं काम जगात होतं, फक्त एनबीएच्या तीस संघांत नव्हतं.

खेळाच्या रचनेतले फरक मी थोडक्यात उरकतो, कारण ते कुणालाही मोजता येतात. एनबीएची तीन गुणांची रेषा समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे. करी आणि फ्रेडेटच्या कॉलेजातल्या शेवटच्या मोसमांत तिथली रेषा २० फूट ९ इंचांवर होती, आता २२ फुटांच्या जरा पुढे गेली आहे. कॉलेजात तेव्हा टाकायला ३५ सेकंद मिळायचे, २०१५ पासून ३० मिळतात. एनबीएत २४. एनबीएत बचाव करणाऱ्याला कुणाला अडवत नसताना बास्केटखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त ठाण मांडता येत नाही, कॉलेजात खुशाल मांडता येतं. म्हणजे कॉलेजात आत शिरणं अवघड आणि बाहेरून टाकणं सोपं. पण बाहेरून टाकणाऱ्याला अडवायला एनबीएत जो येतो, त्याचे हात अर्धा फूट लांब असतात. आणि तीस-पस्तीस सामन्यांच्या जागी ब्याऐंशी.

तीन गुणांच्या फेकीचा कॉलेजातला टक्काही जपून वापरावा. वर्षभरात शे-दीडशे फेकी, त्यात दहा इकडेतिकडे झाल्या की टक्का उडतो. म्हणून स्काउट मंडळी फ्री थ्रोकडे पाहतात. तिथे समोर कुणी नसतं, हाताची मूळ लय दिसते. हा तोडगा साधा असूनही बऱ्यापैकी लागू पडतो.

आता पुन्हा करी. लोक २८.६ चा मोसम काढून दाखवतात. मी त्याच्या आधीचा, २००७-०८ चा मोसम दाखवतो. त्या वर्षी त्याची सरासरी २५.९ होती, पण बॉल त्याच्याकडे नव्हता. बॉल जेसन रिचर्ड्सकडे होता, आणि रिचर्ड्स त्या वर्षी असिस्टमध्ये, म्हणजे बास्केट घडवणाऱ्या पासांत, देशात पहिला आला. करी धावायचा. एका स्क्रीनखालून, दुसऱ्याच्या मागून, बेसलाइनवरून या टोकाला, मग परत. अंगावरचा पहारेकरी धापा टाकायला लागला की रिचर्ड्सचा पास यायचा. त्या वर्षी त्यानं तीन गुणांच्या १६२ फेकी साधल्या, तेव्हा तो एका मोसमाचा विक्रम होता. एनसीएएच्या स्पर्धेत गोंझागाविरुद्ध ४०, जॉर्जटाउनविरुद्ध ३०, विस्कॉन्सिनविरुद्ध ३३. मग कॅन्सस. ५९-५७, शेवटचे काही सेकंद, डेव्हिडसन दोन गुणांनी मागे. बॉल करीच्या हातात आला आणि दोघं त्याच्या अंगावर आले. त्यानं टाकला नाही. मोकळ्या रिचर्ड्सला दिला. रिचर्ड्सनं लांबून टाकलेला बॉल हुकला, डेव्हिडसन बाहेर पडलं, आणि कॅन्सस पुढे विजेतेपद घेऊन गेलं. ती चाल मी किती वेळा मागेपुढे करून पाहिली असेल याची गणती नाही.

रिचर्ड्स पदवी घेऊन गेला. पुढच्या वर्षी बॉल वर आणायचं कामही करीकडे आलं, सरासरी वाढली, चुकाही वाढल्या, आणि स्काउट त्याच वर्षाच्या चष्म्यातून त्याला पाहत बसले. पॉइंट गार्ड म्हणून पासिंग कच्चं, शूटिंग गार्ड म्हणून उंची कमी, अंगकाठी किरकोळ. २००९ च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटाकडे लागोपाठ पाचवा आणि सहावा असे दोन नंबर होते. त्यांनी दोन्ही वेळा पॉइंट गार्डच घेतले, रिकी रुबिओ आणि जॉनी फ्लिन. सातव्या नंबरावर गोल्डन स्टेटनं करीला उचललं. पुढे चार विजेतेपदं मिळवून देणारा जो करी जगानं पाहिला, तो बॉल देऊन टाकतो आणि मग धावायला लागतो. तो २००७-०८ चा करी आहे. वहीची उजवी बाजू आधीच भरलेली होती, पाहायला कुणी पान उलटलं नाही.

ही पश्चातबुद्धी झाली, हे मला मान्य आहे. निकाल माहीत असताना कुणीही ज्योतिषी होतो. त्याबद्दलची माझी फजिती पुढे सांगतोच.

त्याआधी कोपऱ्यातली माणसं. गुण काढणाऱ्या मुलाचं एनबीएत दोनपैकी एक होतं, राजा किंवा रंक, असा एक समज आहे. मधली जागा मोठी आहे आणि ती मला जास्त आवडते. २००५-०६ मध्ये गोंझागाचा अ‍ॅडम मॉरिसन २८.१ नं पहिला आला, ड्यूकचा जे. जे. रेडिक २६.८ नं त्याच्या मागे. मॉरिसन ड्राफ्टमध्ये तिसरा गेला, रेडिक अकरावा. मॉरिसनचा गुडघा दुसऱ्या मोसमाआधीच गेला, पण पहिल्या मोसमातही त्याचा नेम शंभरात चाळीसपर्यंत पोचला नव्हता. रेडिक पहिली दोन वर्षं बहुतेक वेळ बाकावर बसून होता. ड्यूकच्या इतिहासात तोवर सर्वाधिक गुण काढलेला मुलगा, आणि ऑरलँडोत त्याला मिनिटं मिळेनात. त्यानं बचाव शिकून घेतला, स्क्रीनभोवती पळणं शिकून घेतलं आणि पंधरा मोसम खेळला. २०२४ पासून तो लॉस एंजेलिस लेकर्सचा प्रशिक्षक आहे. आमच्या सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “बाकावर बसलेल्यालाच खेळ दिसतो.” स्वतः ते कधी बाकावर बसले नव्हते, कायम उभेच.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन संघ वरळीच्या डोममध्ये खेळायला आले, तेव्हा मुंबईत जमलेल्या लोकांनी ही मधली जागा दाखवणारी दोन माणसं समोर पाहिली असती, पण आपलं लक्ष दुसरीकडे होतं. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मुळात मुंबईचे, त्यामुळे आपण घरच्या लग्नात मिरवावं तसे मिरवत होतो. सॅक्रामेंटोच्या संघात बडी हील्ड होता, २०१६ मधला देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. समोर इंडियानाच्या संघात डग मॅकडर्मॉट होता, २०१४ मधला. वडिलांच्याच हाताखाली क्रेटनमध्ये खेळून ३,१५० गुण काढलेला. दोघांनाही एनबीएत राजेपण मिळालं नाही. पण लांबून टाकायचं, बॉल आला की वेळ न घालवता टाकायचं आणि नाही आला तर धावत राहायचं, एवढ्या भांडवलावर दोघांनी दहा दहा वर्षांचा संसार केला. पहिला सामना जादा वेळेत इंडियानानं १३२-१३१ असा एका गुणानं जिंकला. डोममध्ये गर्दी सेल्फी काढण्यात होती. मीही.

बुटक्या मुलांच्या प्रकरणाला मी हात घालायला बिचकत होतो. कीन आणि क्लेमन्स दोघंही पाच फूट नऊ इंच. २०१७ मध्ये कीनची सरासरी ३०.०, २०१९ मध्ये क्लेमन्सची ३०.१. दोघांनाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. क्लेमन्सनं ह्यूस्टनकडून एक मोसम काढला. नुसतं उंचीवर बोट ठेवलं की आयझेया थॉमस आडवा येतो, म्हणून उंची हे कारण पुरेसं नाही. पण बुटक्या मुलाला समोरचा संघ शोधून काढतो, त्याच्यावर मुद्दाम मोठा खेळाडू आणून सोडतो, प्रत्येक चालीत. त्याला तेवढे गुण जास्त काढावे लागतात. हा कर आहे आणि तो दर सामन्याला भरावा लागतो. ट्रे यंगच्या कॉलेजच्या वर्षात तो गुणांत आणि असिस्टमध्ये, दोन्हींत देशात पहिला होता. एनबीएत हा कर तो आपल्या पासिंगवर भागवत आला, आणि टीकाकारांनी त्याच्या बचावाची पावती दर वर्षी फाडली.

अँटवान डेव्हिसची गोष्ट मात्र मी कर-बिर बाजूला ठेवून लिहिली. पीट मॅराविचनं १९६७ ते १९७० या तीन मोसमांत, लुइझियाना स्टेटसाठी, वडिलांच्या प्रशिक्षणाखाली, ८३ सामन्यांत ३,६६७ गुण काढले. तीन गुणांची रेषा तेव्हा नव्हती. सरासरी ४४.२. डेव्हिसही वडिलांच्याच प्रशिक्षणाखाली खेळला, पण पाच मोसम आणि १४४ सामने, कारण करोनाच्या वर्षामुळे सगळ्यांनाच एक वर्ष वाढवून मिळालं होतं. मार्च २०२३ मध्ये त्याच्या संघाचा मोसम संपला तेव्हा त्याचे गुण होते ३,६६४. बरोबरीला तीन कमी, म्हणजे एक लांबची बास्केट. संघ जिंकल्यापेक्षा हरला जास्त होता, म्हणून पुढच्या कुठल्या स्पर्धेचं बोलावणं आलं नाही आणि ड्राफ्टमध्येही त्याचं नाव निघालं नाही. मॅराविच १९७० मध्ये तिसरा निवडला गेला होता आणि १९७६-७७ मध्ये एनबीएतही ३१.१ च्या सरासरीनं पहिला आला. डेव्हिस थांबला त्याच्या पुढच्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, आयोवाच्या केटलिन क्लार्कनं ३,६६७ ओलांडले आणि ती ३,९५१ वर थांबली. ती या पुस्तकात नाही, कारण हे पुस्तक पुरुषांच्या खेळापुरतं आहे. तिच्यावर लिहायला एक प्रकरण पुरणारही नाही.

माझ्या फजितीचं नाव झॅक ईडी. सात फूट चार इंचांचा हा मुलगा २०२४ मध्ये २५.२ च्या सरासरीनं पहिला आला. त्यानं पर्ड्यूला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि तिथे कनेटिकटविरुद्ध संघ हरला तरी एकट्यानं ३७ गुण काढले. वहीत मी लिहिलं: ‘सगळे गुण बास्केटखाली. आजच्या वेगात चालणार नाही.’ आणि खाली दोन रेघा मारल्या. मेम्फिसनं त्याला नववा निवडला तेव्हा मला हसू आलं. वर्षभरानं नवोदितांच्या सर्वोत्तम पाचांत त्याचं नाव होतं. मग मी ती वही पुन्हा काढली. त्याची डावी बाजू मी सविस्तर भरली होती. उजवी बाजू कोरी होती. त्याच्या स्क्रीनमागून मोकळे झालेले गार्ड, त्याच्या नुसत्या असण्यानं आत अडकून पडलेले दोन-दोन बचावपटू, रिबाउंडसाठी त्यानं अडवून धरलेली जागा, यातलं काही मी लिहिलंच नव्हतं. निकाल आधीच ठरला होता, मग पाहायचं कशाला? ते पान या पुस्तकात जसंच्या तसं छापलं आहे, खालच्या दोन रेघांसकट.

वाचताना एक सवलत घ्या. प्रकरणं सालवार लावलेली नाहीत. ज्यांची नावं पुकारली गेली नाहीत, त्या नऊ जणांपासून सुरुवात होते आणि करी शेवटी येतो. घाई असेल तर फ्रेडेट आणि डेव्हिस वाचा, बाकीचं नंतर.

हस्तलिखित पुरं झाल्यावर मी ते सरांकडे नेलं. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मी करीचं प्रकरण वाचून दाखवलं, लोयोलाच्या सामन्याचा गुणफलकही. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं. वाटलं, डुलकी लागली. मग म्हणाले, “त्याचा भोपळा, ठीक आहे. बाकीच्यांनी किती मारले?”

“अठ्ठ्याहत्तर, सर. सगळेच्या सगळे.”

“त्यांची नावं घातलीस का?”

घातली नव्हती. आता घातली आहेत, शेवटच्या पानावर.

पुणे
दसरा